काळ्या मातीवरचा पाया

नांदेडला घर बांधून झालं आणि मी गाडी घेतली. बँकेत अधिकारी झालेल्या बाईची गाडी उन्हात कशी उभी राहणार? म्हणून घराशेजारी गॅरेज बांधायचं ठरलं. खरं सांगायचं तर गाडीपेक्षा मला माझाच दिमाख जास्त जपायचा होता.

बांधकामाचा ठेका एका गुत्तेदाराला दिला. काम सुरू झालं तसे बाबा हदगावहून आले. उभा जन्म त्यांनी गवंडीकाम केलं. त्यांच्या थापीवरच मी शिकले, नोकरीला लागले. त्यांनी बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावून बघायची हदगावात कुणाची हिंमत नव्हती. आल्या आल्या ते पायाच्या खड्ड्यात उतरले, मूठभर माती घेतली आणि पिळून बघितली.

"माय, काळीच हाय ही. मुरूम लागला न्हाई अजून. आणखी खाली जाऊ द्या."

गुत्तेदार हसला. "काका, गाडी ठेवायची हाय, हत्ती न्हाई."

मीही हसले. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मला माहीत नव्हतं असं नाही. पण गुत्तेदाराकडे कॉम्प्युटरवर काढलेला नकाशा होता आणि बाबांकडे नुसती मूठ.

काँक्रीट ओतायच्या दिवशी बँकेतले दोघे सहकारी गाडी बघायला आले. मी अंगणात खुर्च्या टाकल्या, चहा दिला. तेवढ्यात बाबा मिक्सरपाशी जाऊन ओरडले, "लई पाणी घालून राहिले रे तुम्ही! माल पातळ झाला, जीव न्हाई ऱ्हायचा त्यात." आणि एका गड्याच्या हातातली थापी घेऊन, लेंगा गुडघ्यापर्यंत सारून ते ओल्या काँक्रीटपाशी उकिडवे बसले.

"हे मिस्त्री का तुमचे?" एका सहकाऱ्यानं विचारलं.

"माझे वडील" एवढे दोन शब्द म्हणायला काय जड होतं? पण मी तरातरा बाबांपाशी गेले आणि म्हणाले, "उठा तिथून. तुमच्या वेळची कामं वेगळी होती. आत जाऊन बसा."

बाबा उठले. त्यांनी थापी धुतली, गड्याला परत दिली आणि आत गेले. संध्याकाळी त्यांनी मला हळूच विचारलं, "उद्या पाणी मारू का काँक्रीटला?" बांधकामावर त्यांनी आयुष्यात कुणाची परवानगी घेतली नव्हती. मी म्हणाले, त्याला माणूस आहे. सकाळच्या एसटीनं ते हदगावला निघून गेले.

पहिल्याच पावसाळ्यात गॅरेजचा एक कोपरा उचलला गेला आणि जमीन या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. गुत्तेदार फोन उचलेना. शेवटी तोंड वर करून बाबांनाच फोन लावला. ते एका मिस्त्रीला सोबत घेऊन आले. हा मिस्त्री त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, स्वतः पन्नाशीला आला तरी बाबांना उस्ताद म्हणणारा.

तो वाकून बराच वेळ भेग बघत राहिला. मग म्हणाला, "उस्ताद, कोण्या येड्यानं केलं हे? मुरूम लागायच्या आधीच पाया भरला, अन् मालबी पातळ."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मीच व्हतो कामावर," ते म्हणाले. "चुकलं माझं. वय झालं आता."

मिस्त्रीचीच मान खाली गेली. त्या वेळी मी खरं सांगायला हवं होतं. बाबांची सगळी कमाई म्हणजे त्यांचं नाव, आणि ते माझ्यासाठी डागाळत होतं. मी म्हणाले, "चहा टाकते."

मिस्त्रीनं सगळं उकरून, मुरूम भरून, धुमसानं ठोकून नवा पाया घातला. तो आजही जागचा हललेला नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले. मिस्त्री भेटायला आला, खूप रडला. म्हणाला, "ताई, उस्तादाच्या हातचं एकच काम बिघडलं बघा, तेबी म्हातारपणी."

मी मान डोलावली.