अण्णांच्या रिकाम्या बॅगा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कन्फेशनमध्ये फादरना नाही. फादर काय म्हणतील ते ठाऊक होतं: जा आणि त्या माणसाला सांग. म्हणून तिथे दरवेळी दुसरीच पापं सांगत आलो.

त्या सकाळी मी क्लेटनला एका घरी गॅसची शेगडी जोडत होतो. साबणाच्या पाण्याची स्प्रे-बाटली उचलली, तर ती जड लागली. काठोकाठ भरलेली. ती मी आदल्या सकाळी भरली होती. आणि आदला सगळा दिवस मी ग्लेन वेव्हर्लीला माझा मित्र अमोल याच्या घरी नवा हीटर जोडत होतो. म्हणजे तिथे मी एक फवारासुद्धा मारला नव्हता.

शेगडी तशीच सोडून मी फोन काढला.

का, ते सांगतो. मी मूळचा वसईचा, इथे मेलबर्नला गॅसफिटर. इथल्या बऱ्याच घरांत हीटर फ्लोअरच्या फळ्यांखालच्या बुटक्या जागेत असतो. वाकून आत शिरावं लागतं. गॅसच्या पाइपच्या शेवटी एक व्हॉल्व्ह असतो आणि व्हॉल्व्हच्या पुढे, हीटरच्या तोंडाशी, एक जॉइंट. त्याला आम्ही युनियन म्हणतो. आधी हाताने फिरवायचं, मग दोन पान्यांनी आवळायचं.

नंतर टेस्ट. व्हॉल्व्ह बंद करून पाइपात हवा भरायची आणि दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत बसायचं. सायकलच्या ट्यूबसारखंच. काटा पडला नाही तर पाइप ठीक. पण व्हॉल्व्हच्या पुढचं युनियन या टेस्टमध्ये येतच नाही. ते शेवटी, गॅस सोडल्यावर, साबणाच्या पाण्याने तपासायचं. बुडबुडे आले की गळती.

मी युनियन हाताने फिरवलं होतं. तेवढ्यात वरून अमोलच्या आईंचा आवाज आला, "अरे सायमन, आधी जेव. वसईच्या माणसाला सुरमई गार झाल्यावर वाढू का?"

बूट काढले, हात धुतले, जेवलो. आई आणि अमोलचे वडील, अण्णा, नातीकडे राहायला डोंबिवलीहून नुकतेच आले होते. अण्णा म्हणजे घराबाहेर पडल्यावर परत येऊन कुलूप ओढून बघणारे. जेवताना मला विचारत होते, "तुमच्या या धंद्यात चूक झाली तर काय हो होतं?"

"होऊ द्यायची नाही, अण्णा," मी म्हणालो. सगळे हसले.

खाली परत आलो. गेज लावलेलाच होता. हवा भरली, काटा जागचा हलला नाही. व्हॉल्व्ह उघडला, हीटर लावला. वरून अमोल ओरडला, "आली रे गरम हवा!" टाळ्या ऐकू आल्या आणि माझ्या डोक्यात काम संपलं. निघताना सांगितलं, "नवा हीटर आहे, एखाद-दोन दिवस वास येईल. काळजी करू नका." ते खरंच असतं. आतला रंग आणि तेल तापून तसा वास येतो.

क्लेटनहून फोन लावला. अमोलच्या मुलीने, ईराने घेतला.

"डॅड इज इन द शॉवर, सायमन अंकल."

"ईरा, घरात वास येतोय का कसला?"

"या, लाइक रॉटन एग्ज. डॅड सेज इट्स द न्यू हीटर. यू टोल्ड हिम."

"आजी कुठे आहे?"

"डूइंग हर पूजा. शी कान्ट फाइंड द मॅचेस."

सडक्या अंड्यांचा वास नव्या हीटरचा नसतो, गॅसचा असतो. "आजीला सांग, काडी पेटवायची नाही. कुणी कुठलं बटण दाबायचं नाही. डॅडला बाहेर काढ. सगळे लॉनवर. आत्ता."

"इन माय पीजेज? इट्स फ्रीझिंग."

"झोपायच्या कपड्यांतच जा, बाळा."

खरं तर तेव्हाच गॅसच्या इमर्जन्सी लाइनला फोन करायला हवा होता. केला नाही. लायसन्स डोळ्यांसमोर आलं.

पोचलो तेव्हा सगळे ब्लँकेटं गुंडाळून लॉनवर उभे. मीटरपाशी गॅस बंद केला. खालचं छोटं दार उघडलं आणि तो वास थोबाडीत मारल्यासारखा आला. इथला गॅस हवेपेक्षा हलका, रात्रभर फळ्यांच्या फटींतून वर चढत राहिला होता. वर चार माणसं आणि एक पोर झोपलेलं. वारा खेळू दिला, मग आत गेलो. युनियन दोन बोटांनी फिरलं.

बाजूला दोन मोठ्या रिकाम्या बॅगा होत्या. विमानतळावर लावलेल्या पट्ट्या अजून तशाच. त्या काल नव्हत्या.

आवळून, साबण मारून बाहेर आलो. अमोलने विचारलं, "काय झालं रे?"

"युनियन ढिलं होतं."

तो वडिलांकडे वळला. "अण्णा, काल सायमन गेल्यावर तुम्ही बॅगा खाली ढकलल्या ना?"

"ठेवल्या. ढकलल्या नाहीत रे. मी हळूच..."

"पाइपला लागल्या असणार. सायमन, होऊ शकतं ना असं?"

पान्याने आवळलेलं युनियन रिकाम्या बॅगेने सैल होत नाही. कुठलाही फिटर यावर हसेल.

"होऊ शकतं," मी म्हणालो.

अण्णांनी ईराच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि ओल्या गवतावर खाली बसले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "काय वाटलं असेल, स्वतःहून धावत आला पोरगा."

ही गोष्ट पसरली. सायमन म्हणजे स्वतःहून परत येऊन बघणारा. त्यावर मला किती कामं मिळाली, मी मोजली नाहीत.

अण्णा त्या दिवसापासून चहा करायलाही शेगडीपाशी गेले नाहीत. सहा महिन्यांसाठी आलेले, लवकरच परत गेले. नंतर एका बार्बेक्यूला अमोलची बायको शर्वरी म्हणाली, "त्यांना कितीदा बोलावलं, येतच नाहीत. म्हणतात, माझ्या हातून पोरगी गेली असती." माझ्या हातात प्लेट होती. मी सॉस मागितला.

आता मी पान्याने आवळलेल्या प्रत्येक युनियनवर मार्करने रेघ ओढतो. रेघ नसेल तर व्हॉल्व्ह उघडत नाही, आणि काम संपेपर्यंत कुणाकडे जेवत नाही. गेज हा ज्या पाइपाला लावला त्याच्यापुरतंच सांगतो, त्यापुढचं त्याला विचारू नये.

अण्णा डोंबिवलीला आहेत. नंबर माझ्याकडे आहे, अजून लावलेला नाही. बॅगांनी काही झालं नव्हतं, मीच आवळायला विसरलो होतो, एवढं त्यांना सांगायचं देणं मी लागतो.