तेलाची कुपी आणि डावं चाक

आमच्या घरात कुरकुरणारी वस्तू फार दिवस टिकत नाही. माझे सासरे काशीराम शिवलकर तिला गप्प करतात. उभा जन्म त्यांनी मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी ट्रॉलरवर इंजिन ड्रायव्हर म्हणून काढला. खारा वारा लोखंड खातो आणि त्यावर तेल हा एकच उतारा, हे त्यांचं ठाम मत. बोट सुटली, पण लांब नळीची तेलाची कुपी हातातून सुटली नाही. फाटकाच्या बिजागरीला तेल, अडकित्त्याला तेल, पाळण्याच्या कड्यांना तेल. एकदा देवघरातल्या घंटेलाही घातलं होतं. गप्प करता आल्या नाहीत त्या फक्त माझ्या सासूबाई, मालन.

माझा नवरा सर्वेश जहाजावर असतो. जाताना दारातली मोठी गाडी माझ्या हवाली केलीन, पण अट घालून. "गाडीला काही झालं, तर मी येईपर्यंत किल्ली कपाटात." मी याच वर्षी गाडी शिकले. त्या किल्लीमुळे मला कुणाची मनधरणी करावी लागत नव्हती. मनस्वीला, म्हणजे माझ्या लेकीला, ताप आला तर मी स्वतः दवाखान्यात नेत होते. माहेरी देवरूखला वाटेल तेव्हा जात होते. ती किल्ली परत द्यायची कल्पनाही मला सहन होत नव्हती.

बाबा, म्हणजे सासरे, माझ्या शेजारी बसत, पण भरवसा शून्य. मी ब्रेक दाबायच्या आधी त्यांचा पाय पायपुसणीवर दाबला जायचा. मला राग यायचा. मी काय खेळण्यातली गाडी चालवत होते?

पावसाळा सरल्यावर पुढचं डावं चाक ओरडायला लागलं. ब्रेक दाबला की बारीक, दात आंबवणारी किंकाळी. नेवऱ्याला सासूबाईंच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. ते झालं की गॅरेजला दाखवू, असं मी ठरवलं. बारशाच्या सकाळी मात्र आवाज गायब. मला बरंच वाटलं. बाबाही खुशीत होते. का, ते मी विचारलं नाही.

शिरगावात पुढची रिक्षा अचानक थांबली. मी ब्रेक दाबला, तरी गाडी तिला टेकायचीच बाकी राहिली.

"वायच लवकर दाब गो," मागून सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर मनस्वी पेंगत होती.

मला वाटलं, माझंच चुकलं. साडीवर घातलेल्या नव्या चपला जरा निसरड्या होत्या. आरे गाव मागे पडलं, आम्ही डोंगर चढलो आणि पलीकडे वारे गावाकडचा उतार लागला. डावीकडे खाली समुद्र, उजवीकडे जांभ्याची दरड. पहिल्या वळणाआधी मी ब्रेक दाबला. गाडीचा वेग नावापुरता कमी झाला आणि ती उजवीकडे ओढली गेली. समोरून टेम्पो येत होता. मी स्टिअरिंग डावीकडे खेचलं. टेम्पोवाला शिव्या घालत गेला.

पुन्हा दाबला. पुन्हा तेच. आरशात मनस्वीचा झोपलेला चेहरा दिसला आणि मी किंचाळले, "बाबा, ब्रेक लागत नाही!"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आवाज मात्र ट्रॉलरवरच्यासारखा खणखणीत आला. "घाबरू नको. दुसऱ्या गियरात घाल."

इंजिन घुमलं. गाडीला हिसका बसला.

"आता पहिला. आणि चाक सांभाळ, मी हाय."

त्यांनी हँडब्रेक हळूहळू वर ओढायला घेतला, बटण दाबून धरून, थोडा ओढ, थोडा सोड. पुढचं वळण मी कसं घेतलं ते देवाला ठाऊक. कठड्याच्या इतक्या जवळून गेलो की सासूबाईंनी रामनाम सुरू केलं. मग वेग मोडला. उतार संपला. सुरूच्या बनाशी, वाळू रस्त्यावर आली होती तिथं गाडी थांबली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

आमचा फोन गेल्यावर नेवऱ्याहून हर्षद मेकॅनिक नवे ब्रेक पॅड घेऊन आला. डावं चाक उतरवून त्यानं जुना पॅड माझ्या हातात दिला. त्यावरचा घासायचा थर जवळजवळ संपून पत्रा उघडा पडायला आला होता.

"ही बारकी पट्टी बघा, वहिनी. पॅड झिजला की ती चाकाच्या लोखंडी डिस्कला घासते आणि ओरडते. ओरडली असेल की?"

"ओरडत होती. आज थांबली."

त्यानं डिस्कवरून बोट फिरवलं, वास घेतला. "हिला तेल कुणी घातलंन? ब्रेकला तेल म्हणजे ब्रेक गेलाच समजा."

मी बाबांकडे बघितलं. ते समुद्राकडे बघत होते.

"हिनंच घातलं असेल," सासूबाई म्हणाल्या. "मोबाईलवर बघून कायतरी करत असते." आणि त्यांनी लेकाला फोन लावलासुद्धा. सगळं ऐकून सर्वेश एवढंच म्हणाला, "आईकडे किल्ली दे, सानिका."

माझा हात पर्सकडे गेला. बोलायला गेले असते तर सासऱ्यांवर ढकललं असं झालं असतं.

"दे इकडे तो फोन," बाबा म्हणाले. "सर्वेशा, तेल मी घातला. वाजत होता म्हणून. मला वाटला, गंज असेल." त्यांचा आवाज चिरकला. "माझी नात मागे झोपली होती रे. हिनं काय एक चूक केलीन नाय. हिनं गाडी थांबवलीन. किल्ली हिच्याकडंच राहील."

त्यांनी फोन मला दिला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. माझा राग कुठल्या कुठे गेला.

हर्षदनं डिस्क धुतली. डावीकडचे आणि उजवीकडचेही पॅड बदलले. एकाच बाजूचे बदलत नाहीत, म्हणाला. मग त्यानं मोकळ्या रस्त्यावर मला पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून बघायला लावलं. गाडी जागच्या जागी थांबत होती.

बारशाला आम्ही पोचलो तेव्हा पाळणा म्हणून झाला होता. परत येताना तोच डोंगर. सासूबाई म्हणाल्या, निवळीवरून लांबच्या वाटेनं जाऊ. बाबा म्हणाले, "नको. हिकडनंच."

उतार सुरू झाला. मी आधीच दुसऱ्या गियरवर आले आणि सवयीनं त्यांच्या पायाकडे बघितलं. पायपुसणीवर नुसत्या चपला होत्या. बाबा सीटवर मांडी घालून बसले होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.