लच्चूबाबाची गोष्ट अन् माहा हुंकार

नाटकाचा सीजन संपला अन् माह्या आंगातलं त्रानही संपलं. झाडीतल्या गावोगावच्या नाटकात मी जोकर बनतो. लोक हसतात, मी थकतो. चार दिवस नुसतं निजून राहीन म्हटलं, तं मनीषा म्याडमचा फोन आला. ही पोरगी आमच्या नाटक कंपनीत लाईट अन् कंप्युटर पायते. म्हने, "भाऊ, जिवतीच्या डोंगरात जाचं हाये. एका बाबाची गोष्ट कॅमेऱ्यात भरून आनू, नाटकात पडद्यावर दाखवू. तुमी चला."

मले वाटलं, शेवटी कोनी आपल्याले कलाकार समजलं. तिले सामान उचलाले मानूस पायजे होता. शाळा तं मी तिसरीतच सोडली. हे बी मी फोनले तोंडानं सांगून राह्यलो, तो लिहून राह्यला.

पोंभुर्ण्याहून चंद्रपूर, तिथून गडचांदूर, मंग घाट चढनारी यष्टी. मांडीवर प्रोजेक्टरची पेटी, पायात बॅटरी. डोंगरावर कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, नुसती उघडी वावरं. कंडक्टरनं इचारलं, "पेटीत का हाये?"

"काई नाई. येताना एका बाबाचा आवाज आननार."

"मंग येताना दोन तिकिटा काढजा."

फाट्यावर उतरलो. यष्टी वळनाआड गेली अन् मले आठवलं, कॅमेऱ्याचं स्टॅन्ड वरच्या फळीवरच राह्यलं. म्याडमनं बॅटरी माह्या हातातून घेतली अन् सोताच उचलली. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

गावात पोचलो तं लच्चूबाबाच्या सुनेनं ज्वारीची आंबील देल्ली. मले लगित तहान होती, म्याडमच्या वाट्याची बी पेलो.

लच्चूबाबा म्हन्जे त्या गावचा गोष्ट सांगनारा मानूस. त्याचे पूर्वज ढोरं घेऊन हा डोंगर कसे चढले, त्याची मोठी गोष्ट हाये, गोंडीत. सांगाले अख्खी दुपार लागते. पन बाबाच्या गळ्यात गाठ निघाली होती. सोमवारी नागपूरले आपरेशन. डाक्टरनं साफ सांगलं होतं, आवाज राह्यनार नाई. ती गोष्ट पुरी येनारा दुसरा कोनी नवता. भराची तं सोमवारच्या आंधीच.

कॅमेरा उलट्या ड्रमवर ठेवला. म्याडम म्हने, "एक बी आवाज नको."

हे काम मी लय इमानदारीनं केलं. कोंबड्या हाकलल्या, कुत्रं बांधलं, शेजारनीचं कांडनं बंद केलं, माहा खोकला दाबला. बाबा दोन वाक्यं बोलला अन् थांबला. आमच्याकडे पायलं. अजून दोन बोलला, थांबला. मंग उठूनच गेला.

"काऊन बाबा, का झालं?"

"भिताडाले कोनी गोष्ट सांगते का?"

घरातून सून वरडली, "हुंकार कोन देईन? इथी ऐकनारा 'हूं' म्हनल्याशिवाय गोष्ट म्होरं जात नाई! तुमी तं मेल्यासारखे बसले."

बॅटरी अर्धी झाली होती. म्याडम म्हने, "भाऊ, तुमीच म्हना हूं."

"मले गोंडी कुठी समजते?"

"नाटकातले डायलाग तरी कुठी समजतात तुमाले?"

मंग मी हूं म्हनत बसलो. बाबाचा आवाज बारीक होत चालला होता, दर घडीले पानी पेत होता. एका जागी मले लय जोश आला, मोठ्यानं "हूं!" म्हटलं. बाबा थांबला. "हळू रे बाप्पा. तिथी मानूस मेला."

ऊन उतरता उतरता गोष्ट सरली. बाबानं एवढंच इचारलं, "आली का सारी?"

सकाळी शाळेच्या खोलीत खिडक्यांवर चादरी लावल्या, भिताडावर पांढरं धोतर, म्होरं गावातले लोक. म्याडमनं रातभर बसून जिथी जिथी माहा हूं होता तिथी तिथी गोष्ट तोडली होती. चित्रातला बाबा तिथी थांबनार, अन् खोलीत कोनी हूं म्हटलं का माईकले ते ऐकू येनार, मंगच तो म्होरं बोलनार. म्हने, "भाऊ, तुमाले सारं कापलं."

मी म्हटलं, "सवय हाये."

धोतरावर बाबा दोन वाक्यं बोलला अन् पापन्या मिटमिट करत थांबला. लोकायले वाटलं, लाईन गेली. मंग खुद्द बाबाच म्हनाला, "हूं." चित्र बोलाले लागलं! बाया हसू हसू हूं म्हनाले लागल्या. बाबा म्हने, "हा बुढा माह्याहून बरा हाये. दमत नाई."

मंग बाबानं हात वर करून साऱ्यायले चूप केलं. सोता तोंड मिटलं अन् टाळी वाजवली. चित्र हाललं नाई. अजून एक. नाईच.

"सोमवारपासून मी हूं कसा म्हनू? हा बुढा साऱ्यायशी बोलनार, माह्याशीच नाई बोलनार का?"

हे आमच्या दोघायच्याबी डोक्यात आलं नवतं. म्याडमनं मान खाली घातली, बाबाच्या धा-वीस टाळ्या भरून घेतल्या, कंप्युटरले टाळी वळखता याव म्हनून खुटखुट करत बसली. मी माईक धरून उभा होतो. हात भरून आला, पन हालवाची हिंमत नाई झाली.

मंग बाबानं टाळी वाजवली. चित्र बोललं. अजून एक. बोललं. सून म्हने, "बाबा, जेवाले चला." बाबानं नुसता हात हालवला. आमी निघालो तं मी म्हटलं, "बाबा, अजून चार दिस आवाज हाये, बोला ना." बाबानं नाई म्हनून मान हालवली. तोंड मिटूनच जोहार केला.

येताना यष्टीत म्याडम माह्या खांद्यावर निजली. माहा गळा बसला होता, पाय सुजले होते. निघताना म्याडमनं आपला जुना फोन बाबापाशी ठेवला होता, त्यात ती टाळीवाली गोष्ट घालून देल्ली होती.

आपरेशन झालं, आवाज गेला. परवा सुनेचा फोन आला. "काय देऊन गेले जी तुमी! बुढा पहाटपासून टाळ्या वाजवते. पोट्ट्यायनं मधात वाजवली तं काठी घेऊन धावते."

मी फोन ठेवला अन् पुन्हा आंग टाकलं, पन झोप आली नाई. इतकी वर्षं स्टेजवर टाळी पडली का मी आपला मांगं सरकतो. टाळी म्हन्जे आपलं बोलनं संपलं, एवढंच मले मालूम होतं.