चार कॅन पाणी

यंदाच्या एप्रिल महिन्याची अठ्ठावीस तारीख. मंगळवार. सकाळी सहा वाजता आम्ही घरासमोरच्या लिंबाखाली उभ्या असलेल्या जुन्या ट्रकची बॉडी फ्रेमवरून उतरवायला सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि माझा पुतण्या संपत.

ट्रक एक-टनी, पेट्रोलवर चालणारा, फौजेच्या लिलावात घेतलेला. मी तो आठवण म्हणून जपला, असा आमच्या केंदूर गावात समज आहे. हा समज पसरवणारी मंडळी दर पंधरा ऑगस्टला माझ्या गळ्यात हार घालतात, शौर्यावर दोन शब्द मागतात आणि पहिला शब्द उच्चारताच मोबाइलमध्ये डोके घालतात. मला मेजर म्हणतात. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजर असतो. ट्रक मी घेतला, कारण तो स्वस्त होता. त्याने बरीच वर्षे कांदा वाहिला आणि नंतर तो गोठ्यामागे उभा राहिला.

आता संपतला त्याच्या फ्रेमवर पाण्याची टाकी बसवून ती ट्रॅक्टरमागे ओढायची होती. उन्हाळ्यात आमच्या विहिरी तळाला जातात आणि चौथ्या दिवशी टँकर येतो. विचार योग्य होता. संपतला योग्य विचार वारंवार सुचत नाहीत, म्हणून मी लगेच होकार दिला.

बॉडी म्हणजे मागचा माल भरायचा हौदा. तो फ्रेमवर नुसता ठेवलेला नसतो. इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या बोल्टांनी आवळलेला असतो. नऊ वाजेपर्यंत दोन सोडून सगळे बोल्ट निघाले. ते दोन पेट्रोलच्या टाकीला खेटून होते आणि गंजून फ्रेमशी एकजीव झाले होते. टाकीचे पट्टेही तसेच, त्यामुळे तीही सुटत नव्हती. ते कापावे लागणार होते. संपतने शिक्रापूरहून बाळू नावाच्या गॅसकटरवाल्याला बोलावले होते. हौदा उचलायला लागणारा चेन ब्लॉक मात्र त्याने सांगितलाच नव्हता. तो आणायला मी जायचे ठरले.

निघण्यापूर्वी मी टाकीचे झाकण उघडून वास घेतला. दोन दिवसांपूर्वी संपतने ट्रक गोठ्यामागून पुढे आणण्यासाठी तिच्यात पेट्रोल ओतले होते.

"पेट्रोल काढलं का?"

"समदं काढलं, आबा. थेंब न्हाई राहिला."

"आता पाणी भर. तोंडापर्यंत. त्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. मी येईपर्यंत थांबलात तर उत्तम."

"व्हय."

फौजेतले 'यस सर' आणि गावातले 'व्हय' यांत एकच फरक आहे. 'यस सर' म्हणणारा निदान ताठ उभा असतो.

शिक्रापूरच्या चौकात ट्रकांची रांग नेहमीप्रमाणे अडकली होती. प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, जणू पुढचा ट्रक हॉर्न ऐकून हवेत उडणार होता. चेन ब्लॉक भाड्याने घेऊन, दुधाच्या टेम्पोत टाकून मी साडेअकराला घरी पोहोचलो.

बाळू काळा चष्मा लावून ट्रकखाली बसला होता. त्याच्या हातातल्या कटरची ज्योत निळी झाली होती. संपत बोल्ट पकडीत धरून शेजारी बसला होता. त्याचा गुडघा पेट्रोलच्या टाकीला टेकलेला होता.

ओरडून उपयोग नव्हता. ज्योतीच्या आवाजात ऐकू जात नाही आणि दचकलेल्या माणसाचा हात कुठेही वळतो. सिलिंडर माझ्या बाजूला होते. मी दोन्ही वाल्व्ह बंद केले. ज्योत फट् करून विझली.

"आरं, कोण हाय त्यो?" बाळू बाहेर आला. मला पाहून त्याने चष्मा वर केला. "मेजर, दोन मिंटाचं काम ऱ्हायलं व्हतं की."

"टाकीत पाणी आहे?"

"पानी कशापायी? टाकी रिकामी हाय. मी सोता हलवून बगितली."

"संपत, पाणी का भरले नाहीस?"

संपत मान खाली घालून म्हणाला, "आबा, टँकर परवा येणार. पिपात आंघोळीपुरतं बी धड न्हाई. पिट्रोलच्या टाकीत घातलं की त्ये गेलंच ना वाया. आन् बाळू म्हनला, रिकाम्या टाकीला काय हुतंय."

"किती गाड्या कापल्या, मेजर," बाळू म्हणाला. "अजून तरी मी हाय की जित्ता."

"ज्याचा स्फोट होतो, तोही आदल्या दिवसापर्यंत जिवंतच असतो."

बाळू हसला. मग मी हसत नाही हे त्याच्या लक्षात आले आणि तो लिंबाच्या सावलीत जाऊन मोबाइल पाहू लागला. त्याची तेवढीच कुवत होती.

घरातून संपतची बायको सुनीता बाहेर आली. काय घडले ते तिने दारातून ऐकले होते. मी तिला पिपातले पाणी काढायला सांगितले.

"आबा, पोरांच्या आंघोळीचं हाय त्ये," ती म्हणाली. "द्यायला ना न्हाई. पण मला कळू तरी द्या, पानी कशाला पायजे. रिकामी टाकी रिकामीच असती की."

प्रश्न रास्त होता. त्या सकाळी विचारलेला पहिलाच रास्त प्रश्न. मी तिला उत्तर दिले. ते इथे लिहितो.

भरलेली पेट्रोलची टाकी पेटते. रिकामी फुटते. पेट्रोल काढले तरी त्याची वाफ आत राहते आणि तिच्यात हवा मिसळते. बाहेरून तापलेल्या पत्र्याचा ठिपका तिला पुरतो. पाणी तोंडापर्यंत भरले की वाफेला जागाच उरत नाही. हे मला पुस्तकाने शिकवले होते. मान्य करायला लावले ते मात्र दुसऱ्या गोष्टीने.

मी तेव्हा उत्तरेकडच्या एका उंच सेक्टरमध्ये रिकव्हरी पार्टीचा हवालदार होतो. बंद पडलेल्या गाड्या रस्त्यावरून हलवणे हे आमचे काम. रोज सकाळी फॉल-इन, मग अवजारांची तपासणी, मग रोड. पार्टीत वेल्डर होता क्राफ्ट्समन यासीन मुलाणी. राहणार दौंड, रेल्वेतल्या फिटरचा मुलगा. आमचे तालुके शेजारचे, म्हणून तो मला एकांतात 'गाववाले' म्हणे आणि चारचौघांत 'हवालदार साहब'. काम चोख. तोंड कधीच बंद नसे.

त्या दिवशी अशाच एका एक-टनी ट्रकवर दरड कोसळली. ड्रायव्हर वाचला. हौदा चेपून मागच्या चाकावर बसला आणि चाक फिरेना. रस्ता एका गाडीपुरता होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. हौदा कापून काढल्याशिवाय ट्रक हलणार नव्हता. आम्ही टाकीतले पेट्रोल काढले. टाकीचे पट्टे दबले होते, ती सुटणार नव्हती. तिच्यात पाणी भरायला हवे होते आणि नाला गोठलेला होता. पाणी फक्त खालच्या लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात होते, बर्फ वितळवून केलेले.

रेडिओवर कंपनीचे कॅप्टन होते. लिमा वन म्हणजे आमची पार्टी.

"लिमा वन, रोड कब क्लिअर होगा? ओव्हर."

"टंकी में पानी भरना है, सर. एक घंटा. ओव्हर."

"पानी किसलिए? टंकी खाली है या नहीं? ओव्हर."

"खाली है, सर. इसीलिए. ओव्हर."

मग, "व्हीआयपी मूव्हमेंट है. जल्दी करो. आऊट."

मी यासीनला सांगितले, मी येईपर्यंत कटर पेटवायचा नाही. तो हौद्याला टेकून उभा होता.

"गाववाले," तो म्हणाला, "तुमच्या केंदूरात पाव्हण्यानं पानी मागितलं तर दूध देत्यात म्हनं, पानी महाग पडतं म्हनून. हितं दूध नगं. पानीच आणा."

मी एक खेचर घेऊन खाली गेलो. लंगरमध्ये पिंपभर पाणी स्टोव्हवर होते. कुक म्हणाला, ते येणाऱ्या साहेबांच्या चहाचे आणि हात धुण्याचे आहे. मी परवानगी मागितली नव्हती. चार जेरीकॅन भरले, खेचराच्या दोन्ही अंगांना बांधले आणि वर निघालो.

मधल्या वेळात कॅप्टन स्वतः जीप घेऊन ट्रकपाशी आले. पुढचे मला रेडिओ ऑपरेटरने सांगितले. त्यांनी विचारले, काम का थांबले आहे? यासीन म्हणाला, पानी आ रहा है, सर. कॅप्टन म्हणाले, खाली टंकी से डरता है? यासीन म्हणाला, नो सर. हवालदार साहब का हुक्म है. कॅप्टन म्हणाले, अब मेरा हुक्म है. हुकूम देऊन ते जीपकडे गेले. जीप वळणाच्या पलीकडे उभी होती.

मी शेवटच्या वळणावर होतो तेव्हा आवाज झाला. खेचर थांबले. मी ते ओढत वर नेले. चारही कॅन पाणी यासीनवर आणि आगीवर ओतले. यासीनला त्याचा उपयोग झाला नाही.

कॅप्टनना ओरखडाही आला नव्हता. ते चालत आले, टोपी सारखी केली आणि मला म्हणाले, "रोड कब खुलेगा?"

रोड दुपारी खुला झाला. ज्यांच्यासाठी तो खुला करायचा होता, ते साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. खाली हवा बिघडली होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. रेडिओ ऑपरेटरने आणि मी जे घडले ते सांगितले. निष्कर्ष अपघाताचा निघाला. त्या कॅप्टनना पुढे प्रमोशन मिळाले असे मी ऐकले. खातरजमा केली नाही. अशा माणसांना ते मिळतेच.

यासीनची पेटी पोहोचवायला मी दौंडला गेलो. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्या. आईने पेटी उघडली नाही. तिने एकच गोष्ट विचारली.

"शेवटी पाणी मागितलं का त्यानं?"

तिला अभिप्रेत असलेले पाणी वेगळे होते. मी म्हणालो, "मागितलं होतं. मी घेऊन येत होतो."

"मिळालं?"

"नाही."

तिने मान हलवली, आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढे ठेवले. मी ते प्यालो.

मी सुनीताला सांगितले ते एवढेच. बाळूने मोबाइल खिशात ठेवला होता. तो काही तरी पुटपुटला; मी ते ऐकून घेतले नाही. ज्याला दुसऱ्याच्या मरणाशिवाय अक्कल येत नाही, त्याच्या पश्चात्तापाला मी किंमत देत नाही.

सुनीता नवऱ्याकडे वळली. "उठा की. बसलाय काय? कॅन आणा."

"आन् आंघोळीचं?" संपत म्हणाला.

"पोरं दोन दिस पारुशी राहिली तर मरत न्हाईत. तुमी मेला असता."

तिने स्वतः पिपात बादली बुडवली. माझ्याकडे फौजेतले जेरीकॅन आहेत, अजून न गळणारे. ती भरत होती, संपत आणत होता आणि मी नरसाळे धरून टाकीत ओतत होतो. तिसऱ्या कॅनला टाकीतून वाफेचा वास वर आला. तो संपतच्या नाकात गेला आणि त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिले. चौथा कॅन संपता संपता पाणी तोंडाशी आले आणि बाहेर सांडले. टाकीत किती मावणार ते मला आधीच ठाऊक होते.

मी हात केला. बाळूने कटर पेटवला. दोन्ही बोल्ट काही मिनिटांत कापले गेले. टाकी गार राहिली. दुपारी चार वाजता हौदा चेन ब्लॉकला लटकला, आम्ही ट्रॅक्टरने फ्रेम खालून ओढून काढली आणि हौदा जमिनीवर उतरवला. फ्रेम नुसती हाडासारखी राहिली. ती सरळ आहे, टँकरला चालेल.

बाळू सिलिंडर टेम्पोत चढवताना म्हणाला, "मेजर, चुकलं."

"हवालदार," मी म्हणालो.

तो गेला. संपत हातावरचे ग्रीस मातीने घासत होता. पाणी नव्हते.

"आबा, काय नाव म्हनला त्यांचं?"

"क्राफ्ट्समन यासीन मुलाणी. दौंड."

त्याने ते नाव एकदा हळू उच्चारले. बरोबर उच्चारले.

अंधार पडण्यापूर्वी मी चारही कॅन पुसले, झाकणे उघडी ठेवली आणि भिंतीलगत एका रांगेत पालथे घातले.