दोन कुलपांतली गोळी

"सही नाई, गोळी नाई."

खिडकीतून कागद परत ढकलत तो एवढंच म्हणायचा. मान वर करून बघायचाही नाही. खिडकीमागची अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील आणि मनातल्या मनात शिव्याही घातल्या असतील. मी तोंडावर घातल्या.

वर्ध्याजवळच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात तो औषधं द्यायचा. माझ्या बाबांना जबड्याचा कॅन्सर होता. दुखणं फक्त मॉर्फिननं थांबायचं, आणि जवळपासच्या गावांत ती गोळी फक्त तिथंच मिळायची. देवळीहून बसनं मी दर आठवड्याला जायचे. ज्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं बाबांचा जबडा खाल्ला, तो दवाखान्याच्या फाटकासमोर खुशाल घोटून मिळत होता. गोळी मात्र लोखंडी कपाटात, दोन कुलपांत. अमली पदार्थांचा कायदा!

तो गोळ्या तीनदा मोजायचा. आधीची रिकामी पट्टी उजेडात धरून बघायचा. एकदा पट्टीचा कोपरा फाटलेला दिसला.

"हे कोणं फाडलं?"

"मी. बाबांचे हात थरथरतात."

"पुढच्या वेळी फाडजो नको."

जणू मी बसस्टँडवर गांजा विकत होते.

मग मे महिन्यातली ती दुपार आली. घरातल्या गोळ्या सकाळीच संपल्या होत्या. डॉक्टरांनी चिठ्ठीवर शिक्का मारला होता, सही करायची राहून गेली होती, आणि ते चंद्रपूरला निघूनही गेले होते. त्या गोळीची चिठ्ठी लिहिणारे दुसरे डॉक्टर तिथं नव्हते.

"सही नाई, गोळी नाई."

"काका, माझा बाप घरी ओरडून राह्यला! तुमचा असता तर?"

त्यानं माझ्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली, खिडकी लावली, आणि मागच्या दारानं निघून गेला. जेवायला गेला असेल, असं मला वाटलं. बाकावर बसून मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दिल्लीत बसून हा कायदा लिहिणाऱ्यांनाही सोडलं नाही.

तीन तासांनी खिडकी उघडली. त्याचा चेहरा उन्हानं काळाठिक्कर पडला होता, ओठ सुकले होते. चिठ्ठीवर सही होती.

मागाहून कळलं, डॉक्टरांना फोन करून त्यानं चंद्रपूरच्या रस्त्यावर, जाम गावच्या चौकात थांबवलं होतं. मोटरसायकलवर तिथवर जाऊन, त्यांच्या गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून सही घेतली होती.

"पायते काय? मोजून घे," तो खेकसला.

बाबा त्या संध्याकाळी झोपले. घरात इतकी शांतता झाली, की आईनं दोनदा त्यांच्या नाकाशी हात नेऊन पाहिला.

पुढच्या आठवड्यात मी विचारलं, "काका, इतकं काऊन भेता?"

कपाटाकडे पाहत तो म्हणाला, "आधीच्या नोकरीत मॉर्फिनचं एक इंजेक्शन हातून फुटलं. नोंद कराची राह्यली. तपासणी आली, एक कमी भरलं. मंग पोलीस घरी आले. पोरीसमोर पिठाचा डबा उपडा केला. निर्दोष सुटलो मी, पण पोरगी वर्षभर शाळेत नाई गेली."

"पण आता कायदा सैल झाला म्हणतात ना?"

"कायदा बदलला बाई. भेव नाई बदललं."

त्या दिवसानंतर मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्या कायद्याला मात्र आजही देते. हायवेवर गांजाचा ट्रक पकडला की पोलीस पोत्यांमागे उभे राहून फोटो काढतात. माझ्या बापाच्या जबड्याचा फोटो कोणी काढला नाही.

श्रावणात बाबा गेले. तेरवी झाल्यावर उरलेल्या सात गोळ्या घेऊन मी दवाखान्यात गेले. खिडकीमागं एक नवा माणूस होता. आधीचा माणूस निवृत्त झाला, गावी गेला, असं कळलं. कोणतं गाव, ते कोणाला सांगता आलं नाही.

"मॉर्फिनच्या गोळ्या जमा करायच्या आहेत," मी म्हटलं.

"मॉर्फिन इथं बंद झालं, मॅडम. कपाटाची जबाबदारी घ्याले कोणी तयार नाई. पेशंट नागपूरला पाठवतो आम्ही."

"मग या गोळ्या?"

"फेकून द्या ना."

आतल्या वॉर्डातून कोणीतरी ओरडत होतं. बाबा ओरडायचे तसंच, श्वास संपेपर्यंत. नव्या माणसानं एकदा मागं वळून पाहिलं, आणि खिडकी ओढून घेतली.