काडीचं टोक

पनवेलच्या बाजारात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या त्या काकांच्या खिशाला पेनाऐवजी दात कोरायची काडी असते. वापरलेला कॅमेरा कुणी दाखवायला आणला की ते फोटो काढून बघत नाहीत. काडीचं टोक बटणांच्या फटींतून फिरवतात आणि उजेडात धरतात.

मला पहिला डीएसएलआर घ्यायचा होता आणि खिसा बेताचा होता. उलव्यातल्या एका माणसाचा 'फक्त घरगुती वापर' झालेला कॅमेरा मी मनाशी पक्का केला, आणि त्या माणसाला कॅमेऱ्यासकट घेऊनच काकांकडे गेलो.

काडी पिवळी निघाली.

"घरगुती नाय, हळदीचा हाय," काका त्याच्या तोंडावर म्हणाले. आमच्याकडे हळदीला अख्खं गाव लोटतं आणि फोटोवालाही पिवळा होऊनच घरी जातो. "लय लग्नं केलीत यानं. थकलाय."

तो माणूस निघून गेला. काकांच्या कपाटातही एक कॅमेरा विकायला होता. मी म्हटलं, "मग हा द्या."

त्यांनी तो काढला आणि माझ्यासमोर त्याच्याही फटीतून काडी फिरवली. पिवळीच.

"माजाच हाय. नको घेऊस. नवा घे, साधा. भारी लेन्स मंग बघू."

मी तसंच केलं. वर्षभराने तो साफ करायला नेला. काडी स्वच्छ निघाली, आणि मी शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

काकांनी काडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कपाटात ठेवाला घेतलास काय?"