विहिरीला खूण आहे

"अगं, मेंढरं नकाशात दाखवायची नसतात."

सर असं म्हणाले आणि पाहुणे हसले. मीही हसले असते. पण ती मेंढरं माझ्या बापाची होती.

शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयाचा नकाशा विभाग. सर त्याचे प्रमुख, मी कंत्राटावरची. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर निजामाच्या काळातला कन्नड तालुक्याकडचा नकाशा, आणि त्याच्यावर आजच्या उपग्रहाच्या चित्रावरून केलेला नवा थर. गावं, वाड्या, रस्ते, विहिरी. तो थर मी केला होता, डोळे फोडून. पाहुणे पाहायला आले होते, कारण हा थर पुढं सौरऊर्जेच्या प्रकल्पासाठी मोकळी जमीन शोधणाऱ्यांकडं जाणार होता. त्यात जे रिकामं, ते मोकळं. इतकं सोपं काम.

सरांनी पाहुण्यांना आधी आपल्या पणजोबांची विहीर दाखवली. जुन्या नकाशात निळा ठिपका, शेजारी उर्दूत घराण्याचं नाव. पाहुण्यांनी माना डोलावल्या. ती विहीर कधीच बुजलीय. तिच्यावर आता सरांच्या भावाचं कापसाचं गोडाऊन उभं आहे. तरी सरांनी ती नव्या थरावरही माझ्याकडून लावून घेतली होती. वारसा आहे म्हणाले.

मग नकाशा सरकवता सरकवता ते पिशोरच्या वरच्या माळावर थांबले.

"ही कुठली वाडी?"

"माझी, सर."

"जुन्या नकाशात इथं 'वीरान' लिहिलंय, म्हणजे ओसाड. उपग्रहातही नुसत्या पडक्या भिंती. वाडी आली कुठून?"

"आम्ही राहतो सर तिथं. मेंढरं घेऊन, पावसाळाभर."

तेव्हा ते मेंढरांचं वाक्य आलं. वर आणखी एक. "तुमची माणसं आज इथं, उद्या तिथं. तुमच्यामागं नकाशा हिंडवायचा का आम्ही?" पुन्हा हसू. "पुसून टाक ते. आणि जाता जाता चहा सांग सगळ्यांना."

शिपाई दारातच उभा होता. सरांनी त्याला नाही सांगितलं. मला सांगितलं.

मी गेले. चहा सांगितला. कान असे तापले होते की कुणी मागून हाक मारली असती तरी ऐकू आली नसती.

हे काही पहिल्यांदा नव्हतं. जुन्या नकाशांना हात लावायच्या आधी आमच्याकडं सगळेच हात धुतात. "धुतलेस ना?" हे मात्र सर एकट्या मलाच विचारायचे. "लोकरीचा वास लागायला नको." गंमत म्हणून. मी वसतिगृहात राहून शिकले, आता इथंच शहरात, मुकुंदवाडीत खोली करून राहते. लोकरीला हात लागून वर्षं झाली. पण आडनाव वाचलं की सरांच्या नाकाला वास यायचा. त्याला मी काय करणार? मी गप्प बसायचे. नोकरी होती.

रविवारी बिडकीनला गेले. आमची माणसं त्या दिवसांत मेंढरं घेऊन तिकडं असतात. रान मोकळं झालं की शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतात. रात्रभर मेंढरं शेतात बसली की शेताला खत होतं, आणि आम्हाला धान्य मिळतं. आई चुलीपाशी होती. आबा एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते.

"तोंड का उतरलंय गं?" आईनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. चहाचंसुद्धा.

आबांनी मान वर केली नाही. "पुसू दे की. आपल्याला काय नकाशावर मेंढरं चारायचीत?"

"पुसू दे कसं?" आई उसळलीच. "उद्या ते सौरवाले येतील. म्हणतील, हितं तर कुणीच नव्हतं. मंग काय मेंढरं साक्षीला उभी करता व्हय?"

काटा निघाला, तो आबांनी लांब फेकला.

मी आडवी झाले. डोक्यावर निळी ताडपत्री होती. तिच्या एका कोपऱ्यात काळं ठिगळ. ते मी ओळखलं. मी दहावीला असताना पावसात माझ्या पुस्तकांवर गळत होतं, तेव्हा आबांनी ते लावलं होतं. म्हणजे मी बिडकीनच्या रानात आमच्या घराच्या छपराखाली पडले होते.

आणि मी ताडकन उठून बसले.

दिवाळी झाली की आमच्या वाडीत प्रत्येक जण घराचं छप्पर उतरवतो. घोडीवर लादतो आणि मेंढरांमागं निघतो. म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. वाडीत उरतात उघड्या भिंती. पावसाच्या तोंडावर, रोहिणीत परत आलं की त्याच भिंतींवर तेच छप्पर चढतं. आजोबांच्या आधीपासून हे असंच चाललंय. मला हे सांगायला कुणी लागत नाही. पण मी काय करत होते? महिनोन्महिने जानेवारीतलं उपग्रहाचं चित्र बघत होते. जानेवारीतलं, कारण तेव्हा आभाळ स्वच्छ असतं. निजामाचे मोजणीदार साखळ्या घेऊन आले तेही पिकं निघाल्यावर, चालायला सोपं म्हणून. जुन्या नकाशाच्या कोपऱ्यात महिना लिहिलेला आहे. तोही मी कितीदा वाचला होता.

मोजणीदार काय, उपग्रह काय, दोघंही आम्ही घरी नसताना आले. आणि इथं कुणी राहत नाही असं लिहून गेले.

मला रडू आलं नाही. राग आला. असा राग मला माझ्या आयुष्यात आला नव्हता, आणि खरं सांगते, त्या रागानं बरं वाटलं. इतके दिवस मला वाटायचं आपल्यातच काही कमी आहे, आपण नीट एका जागी राहणारी माणसं नाही, म्हणून कागदावर बसत नाही. आता कळलं, आमच्यात काही कमी नाही. मोजणाऱ्यांनी आपली सोय बघितली, आमची वेळ विचारली नाही.

सोमवारी सरांपुढं उभी राहिले. छप्पर, दिवाळी, रोहिणी, जानेवारी, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे मान्य करते.

"असेल," ते म्हणाले. "पण पावसाळ्यात ढग असतात, चित्र मिळत नाही. त्याला मी काय करू? दिसतं ते दाखवायचं. पूस, खाली तुझं नाव टाक आणि आज पाठवून दे."

थर कुणी केला त्याचं नाव खाली टाकावं लागतं. नावाशिवाय तो पुढं जात नाही. माझ्या नावानं माझी वाडी वीरान.

"तुमची विहीर दिसते का सर?" मी विचारलं.

"काय?"

"उपग्रहात. तुमच्या पणजोबांची विहीर. गोडाऊनचा पत्रा दिसतो नुसता. तरी तिला खूण आहे. बुजलेली विहीर नकाशात, आणि आमची जिती माणसं बाहेर?"

"ती वेगळी गोष्ट आहे."

"वेगळी कशी?"

शिपाई दारात थबकला होता. सरांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कंत्राट जूनमध्ये संपतंय तुझं. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग पूस."

"नाय पुसणार."

ऑफिसात मी कधी 'नाय' म्हटलं नव्हतं. शहरात आल्यापासून जीभ घासून घासून पुस्तकी केली होती. त्या दिवशी ती आपोआप घरी गेली.

सरांनी माऊस ओढून घेतला आणि वाडी स्वतः पुसली. एक टिचकी. आमचा अख्खा माळ.

"आता खाली नाव पण तुमचंच टाका सर," मी म्हणाले. "माझं नाही चालणार. आणि कुणी विचारलं तर छपराचं मी जे तुम्हाला सांगितलं, तेच सांगणार."

त्यांची बोटं कळफलकावर होती. चारचौघांत पणजोबांचं नाव छातीठोक सांगणारा माणूस. स्वतःचं नाव तेवढं टाकवलं नाही त्यांना. यंत्र बंद करून उठून गेले.

तो थर अजून तिथंच अडकला आहे. खालची नावाची चौकट रिकामी आहे. माझ्या जागेवर दुसरं कुणी आणतील, तो बिचारा टाकेल नाव. टाकू दे. तोपर्यंत रोहिणी लागलेली असेल. छपरं चढलेली असतील, चुली पेटलेल्या असतील. मी मोबाइल घेऊन भिंतीभिंतीला फिरेन, उंबऱ्याउंबऱ्यावर उभी राहून जागा नोंदवेन, माणसांची नावं लावेन, आणि त्याच ग्रंथालयाच्या टेबलावर नेऊन ठेवेन. नोकरी असो नसो. सर म्हणतील पूस. मी सांगेन, पुसायचं तर आधी खाली तुमचं नाव टाका.

आणि त्या दिवशी चहा मी सांगणार नाही.